ब्रेक ऑइल कुठं असतं, जावईबापू?

आमच्या मामांइतका सुरक्षित ड्रायव्हर लातूर-नांदेड रस्त्याने आजवर पाहिलेला नाही. कारण अगदी साधं आहे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी स्टिअरिंगला हातच लावला नव्हता. हात न लावता माणूस किती बिनचूक गाडी चालवू शकतो, हे ज्याला अनुभवायचं असेल त्याने मामांना मागच्या सीटवर बसवून नुसतं अहमदपूरपर्यंत न्यावं. चाकूर येईतो आपल्याला क्लच कशाशी खातात हे माहीत नसावं अशी शंका येते, शिरूर ताजबंद ओलांडलं की ती पक्की होते, आणि अहमदपुरात पोचल्यावर आपलं लायसन्स आपणच नेऊन परत करावं असं मनापासून वाटतं. मी हा अनुभव दोनदा घेतला आहे. दुसऱ्यांदा घेतला तो केवळ बायकोच्या माहेरचा मान म्हणून.

मामा म्हणजे माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान. लातुरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. एकतीस वर्षं ते सरकारी लाल गाडीवर कंडक्टर होते. कंडक्टर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो असा सरकारचा एक भाबडा समज आहे. मामांना निरोपाचा नारळ मिळाला, शाल मिळाली, आणि ते तसेच घरी येऊन पुढच्या ड्यूटीवर रुजू झाले. तेव्हापासून त्यांच्या दृष्टीने घर ही एक गाडी आहे, लग्नाचा मांडव ही जरा मोठी गाडी आहे आणि आपण सगळे उगाच दारात गर्दी करून उभे असलेले प्रवासी आहोत. पंगतीत ते वाढायला येत नाहीत, नुसते मधून फिरतात आणि "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय" म्हणत अर्धं जेवलेल्या माणसांना पाटासकट हलवतात. जेवताना त्यांना पोळी नको असली की ताटाच्या काठावर बोटाने एक टक करतात. हवी असली तर दोन. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. लाल गाडीतल्या घंटीचा हा नियम आत्यांनी संसारात लागू करून घेतला आणि मला वाटतं एकतीस वर्षांत त्या दोघांचं निम्मं बोलणं या टकटकीवरच भागलं.

माझ्या लग्नात वऱ्हाडाची बस भरून देण्याचं काम मामांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मेहुण्यांनी माझे जोडे लपवले होते आणि मी अनवाणी मांडवाच्या मागे शोधत फिरत होतो. इकडे मामांनी डोकी मोजली, त्रेपन्न भरली, बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि वऱ्हाड रवाना केलं. माझ्या जागेवर, माझ्या नव्या कोऱ्या बायकोच्या शेजारी, चौकापर्यंत जायचं म्हणून बँडमधला सनईवाला बसला होता. मी जोडे हातात घेऊन आलो तेव्हा रस्त्यावर फक्त धूळ होती. मामा शांतपणे म्हणाले, "यादीत त्रेपन्न व्हते, त्रेपन्न पाठवले. कोण कोण ते बगायचं काम कंडक्टरचं न्हाई." आज सतरा वर्षं झाली. कंडक्टरकडून चूक झाली हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

असा हा माणूस एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला निघाला, याला कारण आत्यांचे गुडघे.

आत्यांचं माहेर कंधारचं. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. मामा गाडी शिकायला निघाले त्याच्या दोन वर्षं आधी आक्का न्हाणीत घसरून पडली ती कायमची खाटेला खिळली. आणि त्याच सुमाराला आत्यांच्या गुडघ्यांनीही असा संप पुकारला की लाल गाडीची पहिली पायरी त्यांना चढवेना. ज्या माणसाने आयुष्यभर साऱ्या मराठवाड्याला "चला वर, चला वर" म्हणून गाडीत चढवलं, त्याच्याच बायकोला गाडीत चढता येईना. रोज संध्याकाळी सहाला आक्काचा फोन यायचा. फोन मोठ्या आवाजावर असायचा, त्यामुळे तो गल्लीला पाठ होता. "कवा यायलीस गं?" आक्का विचारायची. "येते की पुढच्या महिन्यात," आत्या म्हणायच्या. असे चोवीस पुढचे महिने झाले होते आणि आक्काचा आवाज दर महिन्याला थोडा बारीक होत होता.

मी म्हटलं, "मामा, रविवारी मी नेतो ना माझ्या गाडीतनं."

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "जावईबापू, तुमच्या गाडीत मी दोनदा बसलोय. तिला आक्काकडं न्यायचंय, देवाकडं न्हाई." मग म्हणाले, "गाडी तुमची द्या. चालवणार मी."

म्हणजे माझी गाडी चालेल, मी चालणार नाही. जावयाचा मान याहून नेमक्या शब्दांत कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा मामांनी पैकीच्या पैकी गुण घेऊन मारली आणि तिथेच खरं तर सगळं सोपं व्हायला हवं होतं. पण त्याच सुमाराला गावात बातमी पसरली की आरटीओच्या मैदानावर टेस्ट घ्यायला एक नव्या मॅडम आल्या आहेत आणि त्या गाडी हलवू देण्याआधी प्रश्न विचारतात. टायर कसं तपासाल, ब्रेक ऑइल कुठं बघाल, मागचा लाल दिवा लागतो की नाही हे कसं ओळखाल, असले प्रश्न. दुसऱ्या एखाद्या गावात लोकांनी हे ऐकलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण हे लातूर आहे. इथे प्रश्न हा शब्द ऐकला की माणसं पहाटे चारला उठतात. आठ दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात 'संभाव्य प्रश्न' आले. पंधरा दिवसांत एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने सराव परीक्षा सुरू केली. आमच्या शेजारचे एक गृहस्थ, जे वीस वर्षं गाडी चालवतात, तेसुद्धा 'असू द्या' म्हणून एक प्रत घेऊन आले.

मामांनी ती झेरॉक्स आणली, वाचली आणि तुच्छतेने बाजूला ठेवली. तिच्यात बावीसच प्रश्न होते. बावीस प्रश्नांत गाडी सुरक्षित होते यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठींवर स्वतःच्या हाताने प्रश्न लिहायला घेतले आणि ते एकशे चाळिसावर जाऊन थांबले. 'वायपरचं रबर बोटाला कसं लागलं पाहिजे' हा एक प्रश्न होता. 'हॉर्न वाजल्यावर म्हैस हलली नाही तर दोष कोणाचा' हाही एक होता. आत्या ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसायच्या, मांडीवर तेलाची वाटी, एका हाताने गुडघा चोळायच्या आणि दुसऱ्या हातात ते कागद धरून प्रश्न विचारायच्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांना कागदाकडे पाहावं लागेना. पाचव्या दिवसापासून मामा अडले की उत्तरही त्याच द्यायच्या. "आवं, हवा टायर थंड असताना बगायची. किती बार सांगू?" त्या म्हणायच्या आणि मामा "ठाऊक हाय, ठाऊक हाय" असं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे.

अभ्यासाला गाडी हवी म्हणून एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात आले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी शिकवणीत पदार्थविज्ञान शिकवतो. घर्षण या विषयावर माझं व्याख्यान ऐकायला पोरं नांदेडहून येतात. तर मामांनी कागद काढला, चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, "ब्रेक ऑइल कुठं असतं, जावईबापू?"

"असतं की... आत."

"आत म्हंजे? पोटात?"

मी बॉनेट उघडायला गेलो. आठ वर्षांत ते मी कधी उघडलं नव्हतं. ते काम गॅरेजवाल्याचं, अशी माझी समजूत होती. मी आसनाखालची एक कळ ओढली तर मागची डिकी उघडली. दुसरी ओढली तर पेट्रोलचं झाकण उघडलं. तोवर समोरच्या बाल्कन्यांतून माणसं आली होती. शेवटी मामांनीच हात घालून बॉनेट उघडलं. आत कडुनिंबाचा पाला होता, उंदराचं एक टुमदार घर होतं, आणि त्या घराला माझ्या मुलीच्या शाळेच्या टायचं अस्तर लावलेलं होतं. या टायसाठी आम्ही पोरीला जून महिन्यात रडवलं होतं. मामा खाली वाकले. त्यांनी टायरवरून हात फिरवला, मग स्वतःच्या टकलावरून फिरवला. "ह्यापेक्षा माझं डोस्कं खरबरीत हाय," ते म्हणाले. "आन तुमी म्हणं घर्षण शिकवता."

त्या दिवशी एकशे चाळीसपैकी मला अकरा गुण पडले. त्यातला एक, गाडीचा रंग बरोबर सांगितला म्हणून होता.

टायर बदलले, उंदराला पर्यायी घर शोधायला सांगितलं आणि आमचा सराव सुरू झाला. रोज सकाळी सहाला औसा रोडकडच्या एका मोकळ्या मैदानावर जायचं. खोटं कशाला सांगू, मामांचा हात चांगला होता. एकतीस वर्षं नुसतं पाहून पाहून त्यांच्या अंगात गाडी मुरली होती. पण तिच्यासोबत कंडक्टरही मुरला होता, त्याचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. पट्टा लावून, आरसा पुसून, गिअर टाकून ते तयार व्हायचे आणि तसेच बसून राहायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "डबल द्या की." मी डॅशबोर्डवर दोन टकटक केल्या तेव्हा गाडी निघाली. रस्त्यात कुठेही बस-थांबा दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एकदा तर एक गाठोडंवाले आजोबा मागचं दार उघडून आत बसले आणि "औसा एक" म्हणाले. मामांनी मागे न बघता सांगितलं, "ही गाडी डेपोत चाललीय, मागून येणारीत बसा," आणि आजोबा मुकाट उतरले.

आणि गाडी मागे घ्यायची वेळ आली की ते माझ्याकडे वळून म्हणायचे, "कंडक्टर, उतरा." मग मी, पदार्थविज्ञानाचा पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस, खाली उतरून गाडीच्या मागे जायचो, पत्र्यावर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" असं ओरडायचो. मामा मग गाडी अशी सुतात मागे आणायचे की पाहत राहावं. टेस्टच्या दिवशी गाडीत कंडक्टर नसेल, ही साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

टेस्टच्या दिवशी मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या असतील, बोलायला कमी आणि हातात पॅड. त्यांनी विचारलं, "काका, टायरमधली हवा कधी तपासाल?"

"थंड असताना. सकाळी. चारी टायरची." मामा थांबले. "आन मॅडम, स्टेपनीची?"

"हो, तिचीही," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई, तुमी इचारलं न्हाई म्हणून म्हणलं. लोक हितंच फसतात."

मॅडमनी तीन प्रश्न विचारले. मामांनी सतरा उत्तरं दिली आणि म्हशीचा प्रश्न आपणहून घालून त्याचंही उत्तर दिलं. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम हसू दाबत शेजारी बसल्या. मामांनी हळूच स्वतःच डॅशबोर्डवर दोन टकटक केल्या, गाडी निघाली, मैदानावर आठचा आकडा असा काढला की पाटीवर गिरवावा. मी झाडाखाली उभा राहून आत्यांना फोनही लावला, की झालंच समजा.

"आता रिव्हर्स घ्या," मॅडम म्हणाल्या.

मामांनी हँडब्रेक ओढला. गिअर काढला. पट्टा सोडला. दार उघडून खाली उतरले. शांतपणे गाडीच्या मागे गेले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पत्र्यावर एक थाप मारली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "येऊ द्या! येऊ द्या!"

गाडी अर्थातच आली नाही. खिडकीतून मॅडमचं डोकं बाहेर आलं. "अहो काका, कोण येऊ द्या? गाडीत मी एकटीच आहे!"

मामा तसेच हात वर करून उभे होते. मग तो हात हळूहळू खाली आला. मी आयुष्यात पुष्कळ विनोदी गोष्टी पाहिल्या आहेत. ही त्यातली सर्वांत विनोदी होती आणि सारं मैदान हसत असताना मला मात्र हसू येईना.

परतताना गाडी मी चालवली. मामा मागे बसले नाहीत, पुढे माझ्या शेजारी बसले, आणि मी दोन गिअर चुकवले तरी एक अक्षर बोलले नाहीत. मला भीतीच वाटली. मी म्हटलं, "मामा, एवढं काय मनाला लावून घेता? पुढच्या वेळी होईल."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जावईबापू, एकतीस वर्सांत ती माझ्या गाडीत किती बार बसली असंल, सांगा."

"असेल की पन्नासेक वेळा. कंधारला तर जायच्याच."

"एक बार बी न्हाई. चढली लई बार. बसली न्हाई." त्यांनी खिडकीची काच खाली केली. "कंडक्टरच्या बायकोनं जागा धरली तर लोक काय म्हणतील? लई शिस्तीचा व्हतो मी. ती उभी राहायची दांडा धरून, पार कंधारपर्यंत. आन मी गर्दीतनं जाताना तिलाच म्हणायचो, बाई, पुढं सरका. बाई म्हणायचो, बगा. कुणाला कळू नये म्हणून. ती बी सरकायची." मग म्हणाले, "ते गुडघे उगाच न्हाई गेले. त्यात थोडं माझं बी हाय."

मी तिसराही गिअर चुकवला.

त्या संध्याकाळी आक्काचा फोन आला नाही. तिच्याजवळ राहणाऱ्या भाच्याने केला. आक्काला आता फोन कानाशी धरवत नाही, म्हणाला. आत्यांनी कागद पुन्हा मांडीवर घेतले.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. त्या तीन आठवड्यांत आत्यांनी सरावाची सूत्रं आपल्या हातात घेतली. माझी कंडक्टरकी संपली. रोज सकाळी त्या स्वतः, मला आणि दाराला धरून, पुढच्या सीटवर बसायच्या, मी मागे. मामांचा हात दाराच्या कडीकडे गेला की त्या समोर बघतच म्हणायच्या, "उतरायचं न्हाई." पहिल्या सकाळी हे त्यांना बावीस वेळा म्हणावं लागलं. शेवटच्या सकाळी दोनदा.

दुसऱ्या टेस्टच्या सकाळी मामांनी घरासमोर गाडी तपासली. मागच्या लाल दिव्यांसाठी मला मागे उभं केलं आणि आतून विचारलं, "दोनी लागले का?" मी फोनवर एका पालकांशी बोलत होतो. मी हात हलवून "लागले" म्हटलं.

मैदानावर गाडी कार्यालयाच्या सावलीतल्या भिंतीकडे पाठ करून उभी होती. मॅडमनी मामांना ओळखलं. "काका, आज उतरणार नाही ना?" त्या म्हणाल्या. मग पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही एकटे आहात. मागे बघायला कुणी नाही. ब्रेकचा दिवा लागतो की नाही, कसं तपासाल?"

मामांचा चेहरा उजळला. हा त्यांचा एकोणसाठावा प्रश्न होता. "मागं भिंत बगायची. ब्रेक दाबायचा. आरशात बगायचं, भिंतीवर दोनी बाजूला लाल पडलं पायजे," म्हणत त्यांनी ब्रेक दाबला आणि आरशात पाहिलं.

आणि पाहतच राहिले.

आत्यांना खुर्चीवर बसवून मी झाडाखाली उभा होतो, मला तिथूनही दिसलं. भिंतीवर उजवीकडे लाल पडलं होतं. डावीकडची भिंत नुसती भिंत होती. मॅडमना त्यांच्या जागेवरून काही दिसत नव्हतं, त्यांनी पॅडवर बरोबरची खूणही केली होती. मामांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर दहा मिनिटांत लायसन्स हातात होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. मग पट्टा सोडला, किल्ली काढली आणि मॅडमच्या हातात दिली.

"डावा लागत न्हाई. ही गाडी आज रस्त्यावर न्हाई चालणार, मॅडम. लिवा, नापास."

रांगेत कुणीतरी म्हणालं, "अवो काका, चालवा की, कोण बगायलंय?" मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. झाडाखाली खुर्चीवर बसलेल्या आत्यांनी डोळ्यांना पदर लावला होता, आणि माझी अशी इच्छा झाली की उंदराच्या त्या घरात मला कुणी जागा द्यावी.

मॅडमनी किल्लीकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि किल्ली त्यांच्या हातात परत ठेवली. "नापास कशाला लिहू?" त्या म्हणाल्या. "प्रश्नाचं उत्तर तर बरोबर आहे. बल्ब बदलून आणा. पाचपर्यंत मी इथेच आहे."

बल्ब आणायला मी गाडीची किल्ली मागितली तर मामांनी ती मुठीत धरली. डावा दिवा लागत नसलेली गाडी दुकानापर्यंतसुद्धा न्यायची नाही. म्हणून भर उन्हात मी ऑटो शोधत मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेलो, दुकान जेवणाच्या सुट्टीत बंद होतं तिथे तासभर पायरीवर बसलो, बल्ब आणला तर तो वेगळ्याच आकाराचा निघाला, आणि पुन्हा गेलो. हे सगळं मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या दिवशी मला बल्ब आणायला मुंबईला पाठवलं असतं तरी मी गेलो असतो.

साडेचारला मामा निघाले. आठ निघाला. रिव्हर्स आला. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच थांबला. आत्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मामांनी हात परत स्टिअरिंगवर नेला, आरशात पाहिलं, आणि गाडी हळूहळू मागे येऊ लागली. मॅडमनी नंतर मला सांगितलं, ते सगळा वेळ स्वतःशीच पुटपुटत होते. येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या. बस्स.

लायसन्स घरी आलं त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही कंधारला निघालो. मी मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, म्हणजे मामांच्या जागेवर. आत्या पुढे. त्या नवं लुगडं नेसल्या होत्या आणि हातात आक्कासाठी धपाट्यांचा डबा होता. मामांनी सगळं तपासलं, पट्टा लावला, गिअर टाकला आणि बसून राहिले. मी दोन टकटक द्यायला पुढे वाकलो, तेवढ्यात आत्यांचा हात डॅशबोर्डवर गेला. टक, टक. गाडी निघाली. ताशी चाळीसच्या वर काटा एकदाही गेला नाही. लोह्यापर्यंत आम्हाला ट्रॅक्टर, टेम्पो आणि एक लग्नाची वरात ओलांडून गेली. मी एकदा काहीतरी सुचवायला गेलो तर मामा म्हणाले, "ड्रायव्हरशी बोलू नका."

आक्का खाटेवर होती, एवढीशी झालेली. डोळ्यांना फार दिसत नव्हतं. आत्या तिच्याजवळ टेकल्या तेव्हा तिने आधी त्यांचा चेहरा चाचपला, मग गुडघे चाचपले. "चढलीस कशी गं गाडीत?" तिने विचारलं. "कशानं आलीस?"

"बसून आले," आत्या म्हणाल्या. "ह्यांच्या शेजारी. सगळ्या वाटंनं बसून."

मामा दारातच उभे होते. ते गाडीचे टायर बघायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

पुढचे सहा रविवार माझी गाडी कंधारला गेली. सातव्या रविवारच्या आधी आक्का गेली. तेरावा झाल्यावर मामांनी गाडीची किल्ली परत आणून दिली, सोबत एक जादा बल्ब आणि माझ्यासाठी एकशे चाळीस प्रश्नांची प्रत. आता ते पुन्हा मागच्या सीटवर बसतात, माझा क्लच ऐकून जीभ चकचक करतात, आणि मी पूर्वीसारखाच चिडतो. फक्त रविवारी सकाळी, पूर्वी कंधारला निघायच्या वेळेला, एक गोष्ट होते. मामा आणि आत्या चालत चालत आमच्या गल्लीत येतात. त्यांनी न मागताच मी किल्ली देतो. मामा टायर बघतात, दिवे बघतात, आरसा पुसतात. आत्या पुढे बसतात. दारं लागतात आणि गाडी दारातच उभी राहते. आत ते काहीतरी बोलत असतात, कधी नुसतेच बसलेले असतात. मी खिडकीतून बघतो. मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात. पण आत्या डबल देत नाहीत, आणि डबल दिल्याशिवाय मामांनी आजवर गाडी हलवलेली नाही. अर्ध्या तासाने आत्या डॅशबोर्डवर एकच टक करतात, आणि दोघं उतरतात.